बदललेल्या फायली: शून्य

"या मशीनमधली फाइल हरवायची असेल ना बाबा, तर तिला आधी माझी परवानगी काढावी लागेल," असं जावयाने छाती फुगवून सांगितलं. मशीनने जराशी खरखर केली आणि मान टाकली.

सासरे इमारतींची ड्रॉइंग काढायचे. शाळेचं ड्रॉइंग न्यायला कंत्राटदार बाहेर येऊन बसला होता. पाचपर्यंत हातात पडलं नाही तर काम दुसऱ्याला देणार, असं तो सासूबाईंना हसत हसत सांगत होता.

"डिस्कच गेलीय. नवी लावतो, बॅकअप आहेच!" म्हणत जावई सासऱ्यांना घेऊन मशीनच्या खोलीत शिरला. खोली म्हणजे पूर्वीचं कपाट. एकाने श्वास घेतला की दुसऱ्याने सोडायचा. उघडं राहिलेलं दार मागे लागलं. ते बाहेरून कार्ड लावल्यावरच उघडायचं. आत कोण कशाला अडकतंय, म्हणून जावयाने आतलं बटण बसवलंच नव्हतं.

बॅकअप परत आला. ड्रॉइंग उघडलं. शाळेला एक भिंत होती आणि एक फाटक.

"जावईबापू, वर्ग कुठायत?"

"थांबा हं. बॅकअप काय करतो, तर प्रत्येक फायलीवरची तारीख बघतो. मागच्या बॅकअपनंतर बदललेली असेल तरच उचलतो. बाकीच्यांना हात लावत नाही." एवढं बोलून त्याने मशीनचं घड्याळ पाहिलं. मशीन गेल्या वर्षात होतं.

"ते मीच करतो," सासरे खुशीत म्हणाले. "सॉफ्टवेअरची मुदत संपली ना! न्हावी म्हणाला, तारीख मागे घ्या. रोज सकाळी घेतो. झकास चालतं."

जावयाला किंचाळायचं होतं. पण सासरे वीतभर अंतरावर होते.

"म्हणजे बाबा, बॅकअपच्या हिशोबी तुम्ही वर्षभर कामच केलं नाही."

"तुमच्या सासूबाई पण तेच म्हणतात."

सासूबाईंनी बाहेरून कार्ड लावलं. कुलपाने नकाराची शिट्टी मारली. कुलूपही याच मशीनवर चालायचं. घरच्यांची कार्डं जावयाने जोडली होती ती घड्याळ मागे गेल्यावर, त्यामुळे बॅकअपने तीही उचलली नव्हती. आता कुलूप एकालाच ओळखत होतं: आधीच्या कॉम्प्युटरवाल्याला. जावयाची सोय व्हावी म्हणून सासऱ्यांनी त्याला काढून टाकलं होतं.

"मग मशीनवरूनच उघडा की!"

"पासवर्डही त्याचाच आलाय."

"लावा फोन."

"तुम्ही लावा. काढलंत तुम्ही."

फोनवर कॉम्प्युटरवाला पोटभर हसला. "पासवर्ड काही आठवत नाही बुवा. पण माझं कार्ड चालेल की! जाताना काढून घेतलं होतंत ना?"

सासरे वाकले. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखालून त्यांनी ते कार्ड ओढून काढलं.

"अगं ए, दाराखालून सरकवतोय, घे!"

दाराखाली फट नव्हती. धूळ येऊ नये म्हणून जावयाने चांगलं जाड रबर ठोकून घेतलं होतं. तो नखांनी ते उचकटायला लागला.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "येतो वहिनी," कंत्राटदार म्हणाला. "साहेबांना सांगा, शुभेच्छा."

पाच वाजता नेहमीसारखा बॅकअप आपोआप सुरू झाला आणि लगेच संपला. स्क्रीनवर आलं: बदललेल्या फायली शून्य, सर्व काही सुरक्षित.