डावी सीट

योगराज घारीच्या मिठाईचा डबा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच हर्षदाने ओळखलं की हा माफी मागायला आलेला नाही. माफी मागायला आलेला माणूस निदान दारात अडखळतो. हा सरळ आत आला, खुर्ची ओढून बसला आणि पायावर पाय टाकून म्हणाला, "पुढच्या महिन्यात उमरपाड्याची रॅली आहे. बसशील ना माझ्याबरोबर?"

डिंडोलीतलं ते घर दोनच खोल्यांचं. आतून कणकेचे हात घेऊन हर्षदाची आई भागीरथीबाई बाहेर आली.

"घारी खाईसन पाय नीट व्हवाव नही," ती म्हणाली.

योगराजने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यात तो पटाईतच होता.

"बसते," हर्षदा म्हणाली.

इतक्या लवकर होकार मिळेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. तो जरा गडबडला, मग "चालशे" म्हणून हसला आणि डबा टेबलावर ठेवून निघून गेला. त्याला दुसरा इलाजच नव्हता. भेस्तानला बापाचं एम्ब्रॉयडरीचं खातं, म्हणजे कारखाना, हाताशी चांगली गाडी, सगळं होतं. नव्हतं ते शेजारी बसायला माणूस. वर्षभरात जो त्याच्या गाडीत बसला, तो दुसऱ्यांदा बसला नाही.

रॅलीची गाडी दोघं मिळून चालवतात, हे बाहेरच्यांना पटत नाही. उजवीकडचा स्टिअरिंग फिरवतो. डावीकडचा, म्हणजे नॅव्हिगेटर, पुढचं वळण वाचून हेल्मेटमधल्या माइकवर सांगत राहतो. एक आकडा म्हणजे जवळजवळ मागे फिरणारं वळण, सहा म्हणजे नावापुरतं. धुळीत आणि सागाच्या झाडीत पुढचं काही दिसत नाही, म्हणून ड्रायव्हर चालवतो तो कानाने. डावीकडच्याला ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. त्याला आपलं तोंड चालवायचं आणि शेजारच्याच्या भरवशावर बसायचं. हर्षदा अशी दोन हंगाम बसली होती.

मागच्या वर्षी उमरपाड्याच्या त्याच डोंगरात तिने वेळेत सांगितलं होतं, "उंचवटा, लगेच डावं दोन." पण योगराजला त्या दिवशी फक्त बक्षीस दिसत होतं. त्याने पाय उचलला नाही. गाडी उंचवट्यावरून उडाली, वळण बाजूला राहिलं आणि ती नाकावर जाऊन खालच्या ओहोळात आदळली. योगराजला खरचटलं. हर्षदाचा डावा पाय डॅशबोर्डखाली चिरडला आणि नडगीचं हाड बाहेर आलं.

रॅलीच्या प्रत्येक गाडीत एक पाटी असते. एका बाजूला हिरव्या अक्षरांत ओके, दुसऱ्या बाजूला लाल फुली. गाडी रस्त्याबाहेर गेली की कुणीतरी ती घेऊन रस्त्यावर उभं राहायचं. हिरवी बाजू दिसली की मागच्या गाड्या पुढे जातात. लाल दिसली की पहिली गाडी थांबते, रॅली थांबते, डॉक्टर येतात. योगराज पाटी घेऊन वर गेला आणि त्याने हिरवी बाजू दाखवली. रॅली थांबली असती तर त्याची गाडी बाद झाली असती. गावकऱ्यांना लावून ती ओढून काढू आणि पुढे जाऊ, असं त्याच्या डोक्यात शिजत होतं. हर्षदा खालून ओरडत होती. वर एकामागून एक गाडी येत होती, हिरवी पाटी बघत होती आणि अंगठा दाखवून निघून जात होती. शेवटी रॅली भरवणाऱ्या क्लबची जीप आली तेव्हा ती सापडली. तोवर तिचा आवाजही बसला होता.

नंतर क्लबमध्ये त्याने सांगितलं, "तीच म्हणाली, मी ठीक आहे, हिरवी दाखव." लोकांनी माना डोलावल्या. घाबरली असेल, शुद्धीत नसेल, आता आठवत नसेल. क्लबचे अध्यक्ष काशिनाथभाऊ तर दवाखान्यात येऊन म्हणाले, "पोरी, झालं ते झालं. मुलाचं नाव कशाला खराब करायचं?" पाय हिचा मोडला आणि काळजी मुलाच्या नावाची. ते वाक्य हर्षदाने ठेवणीतल्या साडीसारखं जपून ठेवलं होतं आणि अधूनमधून बाहेर काढून बघत होती.

योगराज गेल्यावर भागीरथीबाई तिच्यासमोर येऊन बसली. "तू आखो त्याना गाडीमा बठशी? कसाले?"

"मन्हं एक काम शे त्यानाकडे, माय."

काम साधं होतं. योगराजने आपल्या तोंडाने, चारचौघांत सांगायचं की मी खोटं बोललो. बाकी तिला काही नको होतं. पण सुखासुखी खरं बोलेल असा तो गडी नव्हता. त्याला आधी घाबरवायला हवं होतं. पार पाचावर धारण बसेल इतकं.

ते कसं करायचं, हे त्यानेच तिला दाखवून दिलं. रॅलीआधी रस्ता बघायला दोघं उमरपाड्याला गेली. संथ गाडी चालवत एकेक वळण लिहून घ्यायचं असतं. रस्ताभर योगराजची बडबड चालू होती, पण उंचवटा आला की तो गप्प व्हायचा आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. त्या ओहोळाजवळ तर तो खालच्या बाजूला बघेचना.

"हा उंचवटा जरा आधी सांगत जा," तो म्हणाला.

"किती आधी?"

"बराच. तू सांगितलंस की मला धीर येतो. तुझ्या आवाजाची सवय आहे ना."

हर्षदाने तोंड खिडकीकडे फिरवलं. नाही तर तिचं हसू त्याला दिसलं असतं. वर्षभर ती विचार करत होती की या माणसाची दुखरी नस कोणती, आणि आज त्याने ती आपणहून तिच्या हातात दिली होती.

भीती तिलाही होती, नाही कशाला म्हणायचं. रॅलीच्या सकाळी त्या सीटवर बसून डावा पाय डॅशबोर्डखाली घालताना तिला दरदरून घाम फुटला. मरायची तिला एवढी धास्ती नव्हती. पुन्हा तिथेच अडकून पडायचं आणि वरून गाड्या जाताना ऐकायच्या, याची होती. शिवाय आपण गप्प बसल्यावर योगराजने ब्रेक मारलाच नाही तर दोघंही ओहोळात जाणार, हेही तिने धरलं होतं. धरलं होतं आणि तरीही ती बसली होती. राग तेवढा होता.

झेंडा पडला. गाडी सुटली. "डावं पाच. सरळ. उजवं चार, पुढे आवळतं, आतून कापू नको." तिचा आवाज इतका स्वच्छ होता की योगराज खुशीत आला. वळणामागून वळण तो मस्त घेत होता. खडी पत्र्यावर तडतडत होती. मग तो लांब, सरळ चढ आला. चढाच्या टोकाला फक्त आभाळ होतं. उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना डिंडोली-भेस्तानची कितीतरी पोरं फोन उंचावून उभी होती.

हर्षदाने तोंड मिटलं.

"पुढे?" योगराज म्हणाला.

ती समोरच्या आभाळाकडे बघत राहिली.

"हर्षदा, पुढे काय?"

गाडीचा वेग तसाच होता. तो ब्रेक मारत नव्हता. तो तिची वाट बघत होता. ती सांगेलच, याची त्याला इतकी खात्री होती की त्या भरवशावर तो शेवटपर्यंत गेला असता. इतका भरवसा हर्षदाच्या हिशोबात नव्हता. तिचा डावा पाय, जिथे ब्रेक नाही तिथे, जीव खाऊन दाबू लागला. जीभ टाळूला चिकटली होती. आता बोलायचं म्हटलं असतं तरी तिला बोलता आलं नसतं.

"बोल ना. बोल, हर्षदा, बोल." त्याचा आवाज चिरकला आणि त्याने ब्रेक मारला.

गाडी आडवी झाली, गर्रकन फिरली आणि रस्त्याकडेच्या गवतात जाऊन बंद पडली. धूळ खाली बसली तेव्हा हर्षदाच्या खिडकीतून तोच ओहोळ दिसत होता. पोरांनी शिट्ट्या घातल्या. उंचवट्यावर झेंडा घेऊन उभा असलेला क्लबचा माणूस धावत येऊ लागला.

"तू बोलली का नाहीस?" योगराज धापा टाकत म्हणाला.

"मागच्या वर्षी बोलले होते. वेळेत बोलले होते. खाली पडल्यावरही बोलत होते. आता तो झेंडावाला येतोय, त्याला सांग मी काय म्हणत होते ते."

योगराजने बाहेर बघितलं. सगळे फोन त्याच्याकडेच वळले होते. "डोकं फिरलंय का तुझं? मला गाडी काढू दे."

"काढ की."

त्याने हात चावीकडे नेला.  मग मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. शेजारी रिकामा ओहोळ आणि समोर अजून उताराची वळणं. त्याच्याच्याने गाडी निघेना.

"मग एक तर याला खरं सांग, नाही तर उतर. मी चालवते, तू इकडे बस."

क्लबच्या नियमात ते बसत होतं. परवाना दोघांकडेही होता, आणि शर्यतीच्या दोन टप्प्यांमधल्या साध्या रस्त्यावर गाडी नेहमी तीच चालवायची. योगराजने झेंडावाल्याकडे पाहिलं, फोन धरलेल्या पोरांकडे पाहिलं आणि बेल्ट सोडला. खरं बोलण्यापेक्षा डावीकडे बसणं त्याला सोपं वाटलं. तिथे तो कधी बसलाच नव्हता ना.

मागची गाडी धूळ उडवत निघून गेली आणि हर्षदाने आपली रस्त्यावर घातली. सळई घातलेल्या पायाने क्लच दाबताना कळ डोक्यापर्यंत गेली. ती म्हणाली, "वाच."

त्याने वही उघडली. पान सापडेना. सापडलं तेव्हा वळण मागे गेलं होतं. हर्षदाला वाचणाऱ्याची गरजच नव्हती. ती वळणं तिने लिहिली होती आणि ज्या डोंगराने तिचा पाय घेतला तो तिला पाठ होता. ती सुसाट निघाली. तीही घाबरली होती, पण हातात स्टिअरिंग असलं की भीतीला काहीतरी काम मिळतं. डावीकडे तेही नसतं. योगराजने दोन्ही पाय पुढे रेटले होते आणि छपराजवळची दांडी घट्ट पकडली होती.

"हळू," तो म्हणाला.

"ऐकू येत नाही मला."

"हळू, हर्षदा. पाया पडतो तुझ्या."

"ऐकू येत नाही."

आणखी एक उंचवटा आला. तिने पाय उचलला नाही. चारही चाकं क्षणभर हवेत गेली आणि दाणकन खाली आली, तेव्हा योगराजच्या तोंडून वळणाऐवजी भलतंच बाहेर पडलं.

"मला येत होतं ऐकू. सगळं ऐकू येत होतं. तू माय, माय म्हणून हाका मारत होतीस."

हे हर्षदालाच आठवत नव्हतं. ओरडलेलं आठवत होतं, पण आपण कुणाला हाका मारत होतो, ते नाही. एकदम तिला त्या ओहोळातली मुलगी दिसली, कुणी अनोळखी असावी तशी, आणि तिच्या अंगाची आग झाली. पुढच्या वळणावर डाव्या हाताला जाडजूड साग होता. स्टिअरिंग थोडंसं वळवायचं, एवढंच करायचं होतं. तिला ते करायचं होतं. खोटं कशाला बोला, मनापासून करायचं होतं. तिने स्टिअरिंग वळवलंही. योगराजच्या बाजूचा आरसा सागावर आपटून तुटला आणि पत्रा करकरत घासला गेला.

मग तिने गाडी सरळ केली. दया आली म्हणून नव्हे. मेलेला माणूस चारचौघांत काही सांगू शकत नाही, म्हणून.

टप्पा संपतो तिथे टेबल टाकून वेळ लिहिणारे बसलेले असतात. गाडी थांबली की काच खाली करायची, वेळेचं कार्ड द्यायचं आणि विचारलेल्याला उत्तर द्यायचं, हे काम डावीकडच्याचं. ड्रायव्हर बोलत नाही. हर्षदाने गाडी टेबलाला लावली, इंजिन चालू ठेवलं आणि समोर बघत बसली.

काशिनाथभाऊ स्वतः खिडकीशी आले. डावीकडे योगराजला बघून ते चमकले. "अरे, तू इकडे कसा? आणि हा आरसा? सगळं ठीक आहे ना?"

योगराजने कार्ड पुढे केलं.  त्याने हर्षदाकडे पाहिलं. तिने गिअरवर हात ठेवला, एवढंच. तेवढं पुरलं.

"मागच्या वर्षी ती ठीक नव्हती," तो म्हणाला. "ठीक आहे असं ती म्हणालीच नव्हती. ओरडत होती. मी ऐकलं होतं आणि तरी हिरवी दाखवली."

"काय?"

"मी खोटं बोललो, भाऊ."

टेबलावरच्या दोघांची पेनं थांबली. मागे चहा पीत उभे असलेले तीनचार ड्रायव्हर वळून बघू लागले. त्यांतले दोघं त्या दिवशी अंगठा दाखवून पुढे गेले होते. एकाने चहाचा कप खाली ठेवला. दुसऱ्याने विचारलं, "ऐकलं होतंस म्हणजे?" आणि योगराजला ते पुन्हा, जरा मोठ्याने सांगावं लागलं.

काशिनाथभाऊंचा चेहरा पडला. ते वाकून आत बघत म्हणाले, "पोरी, मी त्या वेळी दवाखान्यात..."

"वेळ लिहा, भाऊ," हर्षदा म्हणाली.

त्यांनी लिहिली. लिहिताना त्यांनी मान वर केली नाही, हे तिने पाहिलं आणि तिला बरं वाटलं. हे सगळं ऐकल्यावर आपल्याला रडू येईल, अशी तिची वर्षभराची समजूत होती. रडू आलं नाही. पोटभर जेवल्यासारखं वाटलं, आणि अजून थोडं वाढलं तरी चालेल असंही.

योगराजने हेल्मेट काढलं होतं. त्याने दाराच्या कडीला हात घातला. "झालं ना आता?" तो हळूच म्हणाला. "बोललो मी. उतरतो."

हर्षदाने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. घामाने त्याचे केस कपाळाला चिकटले होते.

"हेल्मेट घाल आणि पट्टा आवळ," ती म्हणाली. "अजून दोन टप्पे आहेत."

त्याने खिडकीतून काशिनाथभाऊंकडे बघितलं. भाऊंनी कार्ड त्याच्या हातात दिलं आणि ते गाडीला वाट करून देत बाजूला झाले.