अठ्ठावीस मीटर आणि चार बोटं

मित्रांनो, आज मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच लिहून देते. मी फूटपाथवरची एक जुनी, हिरवी लोखंडी पेटी आहे. चार बोल्टांनी जमिनीला जखडलेली. आणि तरीही एका दुपारी मी स्वतः उठून रस्ता ओलांडला! हसा, हसून घ्या. माझ्या अंगाला पाठ टेकून डबा खाणारा हा लाइनमन तेवढा हसणार नाही. माझ्या बाकीच्या थापा त्याने पुष्कळ ऐकल्यात. ही मात्र मी पहिल्यांदाच सांगते आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझा पत्रा इतका जाड की तो वाकवताना तीन यंत्रांचे दात पडले. चौथ्याने हात जोडले, तेव्हा मी आपण होऊन वाकले. माझ्या पोटात काचेची तार असते. केसाएवढी बारीक. तिच्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडावर बसून पत्रं, दाखले, चित्रं, माणसांचं बोलणं डोळ्याची पापणी लवायच्या आत पोचतं.

ही तार आणायचं काम तीन सरकारांनी मिळून अंगावर घेतलं होतं. त्यांची लांबलचक नावं तुम्ही पुस्तकात वाचालच. मी आपली त्यांना थोरलं, मधलं आणि धाकटं म्हणते, कारण त्यांचं वागणं एका घरात राहून एकमेकांना चिठ्ठ्या पाठवणाऱ्या तीन भावांसारखं. थोरल्याने शहरातून तार आणून धाकट्याच्या कचेरीच्या फाटकाशी द्यायची. फाटकाच्या आत धाकट्याने ती खोल्याखोल्यांत फिरवायची. रस्ते आणि खांब मधल्याचे, तेव्हा परवानगी त्याने द्यायची. सह्या झाल्या. तिघांचा हातात हात घेतलेला फोटोही निघाला.

कचेरीच्या मागच्या खोलीत दवाखाना होता. तिथे नर्सबाई एकट्या. डॉक्टर मोठ्या इस्पितळात, दोन तासांच्या वाटेवर. तार आली की ते भिंतीवरच्या पडद्यावर दिसणार, रोग्याच्या हृदयाच्या ठोक्यांची कागदावर उमटलेली पट्टी बघणार आणि औषध सांगणार. त्यांनी पट्टी बघितल्याशिवाय हृदयाचं इंजेक्शन द्यायची नर्सबाईंना मुभा नव्हती. मोबाइलची रेघ इथे कधी एक, कधी तीही नाही. पट्टीचं चित्र त्यावरून जायचंच नाही.

मग उद्घाटनाची तारीख ठरली आणि घोटाळा झाला. पाहुण्यांच्या लांब गाड्या जुन्या फाटकापाशी वळेनात. म्हणून धाकट्याने रातोरात नव्हे, चांगलं आठवडाभर खपून फाटक मागे सरकवलं आणि पुढे गाड्यांसाठी नवा रस्ता केला. थोरल्याच्या नकाशात फाटक जुन्याच जागी होतं. त्याने तार तिथवर आणली, मला तिथे बसवलं, उरलेल्या तारेचं वेटोळं माझ्यापाशी ठेवलं आणि ‘काम पूर्ण’ असं लिहून टाकलं. धाकटा म्हणाला, आमचं काम नव्या फाटकाच्या आत, ते आम्ही केलंय. मधल्याच्या वहीत तो नवा रस्ताच नव्हता, मग नसलेल्या रस्त्यावरून तार न्यायची परवानगी तो कशी देणार?

उद्घाटन मात्र झालं बरं का! पडद्यावर डॉक्टर दिसलेही. ते आधीच चित्रफितीत भरून आणलेले होते. नर्सबाईंनी त्यांना विचारलं, “आवाज येतोय का माझा?” तर ते उत्तर न देता नुसते हसत राहिले.

माझ्या शेजारी शिंपीणमावशी शिलाई मशीन मांडून बसत. रोज सकाळी कापडाच्या चिंधीने आधी मला पुसत, मग मशीनला. एकदा तिन्ही सरकारांचे तीन कारकून पाहणीला आले.

“मावशी, जरा बाजूला व्हा. पाहणी चाललीय,” धाकट्याचा कारकून म्हणाला.

“पाहा की. पण मोजणार कोण? नुसतं पाहून कधी कुणाचा सदरा शिवून झालाय?”

असं म्हणून त्यांनी गळ्यातली टेप काढली, लाइनमनला दुसरं टोक धरायला लावलं आणि माझ्यापासून नव्या फाटकापर्यंत वाकून वाकून मोजत गेल्या.

“अठ्ठावीस मीटर आणि चार बोटं. लिहा.”

“हे आमच्या अखत्यारीत येत नाही,” एक म्हणाला. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या.

“अहो, अंग शिवून झालं, बाही शिवून झाली, आता खांद्याला जोडायची कुणी म्हणून भांडताय होय? मी असं केलं तर गिऱ्हाईक ती बाही माझ्याच गळ्यात बांधेल!”

तिघे खूप हसले. परत जाऊन तिघांनी तीन पत्रं लिहिली.

लाइनमन हळूच म्हणाला, “मावशी, तार आहे, जोडायचं यंत्र आहे माझ्या पिशवीत. जमिनीवरून नुसती टाकली तरी अर्ध्या तासात पडदा लागेल.”

“मग टाक की रे.”

“कागद आला की टाकतो. बिनकागदाची टाकली तर नोकरी जाईल.”

“नको बाबा, नोकरी सांभाळ. मला कुठे घाई आहे?”

सात महिने गेले. माझ्या दारावर गंज चढला, आत कोळ्यांनी जाळी विणली. मित्रांनो, माझ्यासारखी पेटी दिसली तर तिच्यावर दगड मारू नका, जाहिराती चिकटवू नका. आणि मोठे व्हाल तेव्हा आपलं काम जिथे संपतं तिथून चार पावलं पुढे जाऊन बघा. पलीकडून कुणी आलंय का, एवढं तरी बघा.

एका दुपारी मावशींच्या हातातली कात्री खाली पडली. त्यांनी छाती धरली आणि त्या मशीनवर कलंडल्या. लाइनमनने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी पट्टी काढली. पडदा काळाठिक्कर. लाइनमन धावत माझ्यापाशी आला आणि मागून खिडकीतून नर्सबाईंची हाक आली, “अहो, काहीतरी करा! एवढी पट्टी डॉक्टरांना दिसू द्या!”

आता ऐका. हीच ती न पटणारी गोष्ट. मी अंगाला असा हिसका दिला की चारही बोल्ट उडाले! तारेचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि निघाले रस्ता ओलांडून. समोरून बस येत होती, तिने करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हर म्हणाला, “जा बाई, तू आधी जा.” थोरल्याला विचारलं नाही, मधल्याला नाही, धाकट्याला नाही. खिडकीतून तार आत दिली आणि पडदा झळाळून उठला! डॉक्टरांनी पट्टी बघितली, म्हणाले, “द्या इंजेक्शन, लगेच द्या.” आणि मित्रांनो, पाचव्या मिनिटाला मावशी उठून बसल्या. म्हणाल्या, “माझी कात्री कुणी उचलली रे?” मग त्यांनी या लाइनमनच्या डोक्यावरून हात फिरवला आणि...

“पुरे,” लाइनमन म्हणाला. त्याने डबा खाली ठेवला. “खोटं सांगतेय ही, पोरांनो. ही जागची हलली नाही. मीही हललो नाही. वेटोळं माझ्या खांद्यावर होतं. नर्सबाई ओरडत होत्या आणि मी साहेबांना फोन लावत होतो, परवानगी विचारायला. पाऊण तासाने लागला. साहेब म्हणाले, अरे, यात विचारायचं काय, जोड की. तोवर मावशी गेल्या होत्या.”