निळीचं पाणी

पाणीसाहेब गेले आणि त्यांची प्लास्टरची वस्ती लेकीच्या गळ्यात पडली.

नगररचना कार्यालयात वडिलांना सगळे पाणीसाहेब म्हणायचे, कारण कुठलाही आराखडा ते आधी पाण्याला दाखवायचे. प्लास्टरचं मॉडेल करून घ्यायचं, तांब्याभर पाण्यात नीळ कालवायची आणि वरून सावकाश ओतायचं. "माणसं होला हो करतात," ते म्हणायचे, "पाण्याला कुणाची भीड नाही." पुढे लेकही त्याच कार्यालयात लागली, तेव्हा लोकांनी तिला 'थेंब' करून टाकलं. तिनेही ते हसून घेतलं होतं.

शेवटचा आराखडा त्यांनी अंथरुणावरून केला. नदीकाठच्या खालच्या वस्तीलगत एक खोलगट मैदान करायचं. एरवी तिथे मुलांनी खेळावं, नदी फुगली की मैदानानं पाणी पोटात घ्यावं. मैदानही भरून वाहू लागलं, तर बांधाला ठेवलेल्या सखल तोंडातून जास्तीचं पाणी पलीकडच्या दलदलीत जावं. तोंड नेमकं कुठे ठेवायचं, एवढंच अडलं होतं. जमीन इतकी सपाट की मोजणीच्या आकड्यांवरून काही ठरेना. मग पलंगाशेजारच्या टेबलावर मॉडेल आणवून त्यांनी ते पाण्यावर सोपवलं, आणि तोंड ठरलं. त्यानंतर फार दिवस ते राहिले नाहीत.

आज दुपारी त्या आराखड्यावर नागरिकांची सुनावणी होती. मैदानाला पाणीसाहेबांचं नाव द्यायचं असं घाटत होतं, म्हणून आईही येणार होती.

सकाळी थेंब आणि इंजिनीअरकाकांनी मॉडेल सभागृहातल्या टेबलावर मांडलं. काका वडिलांचे जुने जोडीदार. दोघांनी आयुष्यभर एका डब्यात खाल्लं आणि एका नकाशावर भांडले. तिने एकदा रंगीत तालीम करावी म्हणून पाणी ओतलं. मैदान निळं झालं, भरलं, बांधाच्या तोंडातून पाणी बाहेर पडलं. पण ते दलदलीकडे गेलं नाही. बांधाच्या कडेकडेने वळलं आणि थेट वस्तीतल्या सुतारगल्लीत शिरलं. काडेपेटीएवढ्या घरांच्या रांगेत निळं पाणी उभं राहिलं.

"टेबल वाकडं असणार," काका म्हणाले आणि पिशवीतून पाणसळ काढली. काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. त्यांनी ती आडवी ठेवली, उभी ठेवली. बुडबुडा जागचा हलेना.

"मग घरचं टेबल वाकडं होतं," ती म्हणाली.

"काहीतरीच. तुझा बाप चहाचा कपसुद्धा पाणसळ लावून ठेवायचा."

ती घरी गेली. पलंग उचलला होता, टेबल होतं तिथेच होतं. तिने वाकून पाहिलं. पलंगाकडच्या दोन्ही पायांखाली एक पातळ फळी सरकवलेली होती.

"ती होय?" आई केस विंचरत दारात आली. "मीच घातली. मॉडेल आलं त्याच दिवशी यांनी तांब्या ओतला आणि सगळी नीळ अंथरुणावर. पाठीला जखमा झालेल्या, त्यात ओली चादर. पाणसळ त्यांनी सकाळीच लावून झाली होती. दुपारी डोळा लागला तेव्हा शेजारणीला हाक मारली, टेबल उचललं नि फळी सारली. मग पाणी पलीकडून पडायचं, मी खाली बादली ठेवायची."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांना कशाला सांगू? म्हणाले असते, माझ्या कामात हात घालू नकोस." आईने फणी थांबवली. "का गं, बिघडलं का काही?"

"नाही. डुगडुगतंय का ते बघत होते."

काका सभागृहाच्या पायऱ्यांवरच वाट बघत होते. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"हे बघ थेंब. समितीच्या अध्यक्षीणबाईंना तिथे गाड्यांचा तळ हवाय. नुसतं निमित्त शोधतायत. आज सुनावणी पुढे ढकलली, तर पावसाळ्याआधी कुदळ पडत नाही, आणि नंतर कदाचित कधीच पडत नाही. सगळी खालची वस्ती बुडेल, एक गल्ली नाही. आज टेबलाखाली एक फळी घाल. मंजूर होऊ दे. तोंड मागाहून हलवू."

"मंजूर नकाशा मागाहून हलवलेला पाहिलाय तुम्ही?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "नाही," ते म्हणाले.

दुपारी सभागृह भरलं. आई पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी सुतारगल्लीतली एक म्हातारी. अध्यक्षीणबाईंनी पाणीसाहेबांबद्दल चार शब्द सांगितले आणि ते चांगलेच होते. मग थेंबने तांब्या उचलला. टेबलाखाली काहीही नव्हतं.

पाणी मैदानात गेलं, भरलं, तोंडातून बाहेर आलं आणि वळलं.

"ही आमची घरं ना?" म्हातारीने विचारलं. उठून जवळ आली होती ती.

"हो आजी. तोंड चुकलंय. आधी तपासलं तेव्हा मॉडेल समपातळीत नव्हतं. चूक कार्यालयाची आहे. पुन्हा मोजणी करून तोंड बदलावं लागेल, मैदान मात्र हवंच."

"म्हणजे आज मंजुरी मागत नाही तुम्ही," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच वाईट होतं. "दुरुस्त आराखडा पावसाळ्यानंतर आणा. तोवर त्या जागेसाठी दुसरे प्रस्तावही बघू."

खुर्च्या सरकल्या, लोक पांगले. मागून कुणीतरी म्हणालं, बापाने केलं ते लेकीने बुडवलं. थेंब फडक्याने सुतारगल्ली पुसत राहिली. नीळ प्लास्टरमध्ये मुरली होती, निघेना.

आई जागची हलली नव्हती. ती टेबलाच्या पायांकडे बघत होती, एकेक करून चारही.

"ती फळी," आई म्हणाली.

थेंब फडकं घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं गं मी."

"माहितीये आई."

"दिवसभर पाण्याशी बोलायचे. मी बादली घेऊन तिथेच बसलेली असायचे."

म्हातारी अजून मॉडेलपाशीच होती. "मग यंदा काय करायचं?" तिने विचारलं. सामान वर चढवून ठेवा, एवढंच थेंब म्हणाली.

"ते दरवर्षीचंच. पलंगाच्या पायांखाली फळ्या सारतो. सुताराच्या घरी फळ्यांना काय तोटा." म्हातारी आईकडे वळून हसली. "आमच्या ह्यांना तर उठताही येत नाही. त्यांचा पलंग सगळ्यांत उंच."

आई उठली. "चादर कोरडी राहते?" तिने विचारलं.

"कधी राहते, कधी नाही."

आईने मान हलवली. मग लेकीच्या हातातलं फडकं घेतलं, पिळलं, आणि खाली वाकून फरशीवर सांडलेलं निळं पाणी टिपू लागली.