धोंडीरामच्या शेळ्या आणि माझा झाकलेला रकाना

मी एक तक्ता आहे. जुना म्हणावं तर वय अवघं चार वर्षं. पण मोबाइलच्या दुनियेत चार वर्षांचा म्हणजे पिकलं पानच समजा. मित्रांनो, मी भिंतीवर टांगलेला नाही की वहीत आखलेला नाही. मी इंटरनेटवर राहतो आणि धारूरच्या डोंगरातल्या वस्त्यांवर शेळ्यांना लस टोचत फिरणाऱ्या तिघांच्या मोबाइलांत एकाच वेळी दिसतो. एकाने माझ्यात काही लिहिलं की उरलेल्या दोघांना ते कळतं. या गोष्टीचा मला पूर्वी फार गर्व होता.

माझा जन्म अंबाजोगाईला, एका प्रशिक्षणात झाला. मोहिनी नावाची पशुसखी, म्हणजे गावोगावच्या जनावरांची काळजी घेणारी कार्यकर्ती, शेवटच्या बाकावर बसून बोटाने माझे रकाने आखत होती. गाव कोणतं, मालक कोण, शेळ्या किती, लस झाली का. शेवटच्या रकान्यात पहिली हिरवी खूण उमटली तेव्हा ती स्वतःशीच हसली. त्याआधी या तिघांचा कारभार चिठ्ठ्याचपाट्यांवर चाले. एकदा तर तिचे दोघे जोडीदार, सोमनाथ आणि मनकर्णामावशी, दोन वाटांनी एकाच गावात जाऊन पोहोचले, आणि दुसऱ्या गावचे लोक शेळ्या बांधून दिवसभर त्यांची वाट पाहत बसले. मी आलो आणि ते थांबलं. सोमनाथ मोटारसायकलला बर्फाची पेटी बांधण्याआधी मला उघडून बघायचा. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा म्हणायचे, "काम असावं तर असं."

कौतुकाने डोक्यात हवा जाते, तशी माझ्याही गेली. आपल्यात जे लिहिलं जातं ते खरंच असतं, असं मी धरून चाललो.

डोंगराखालच्या वस्तीवर धोंडीराम राहतो. तीन पिढ्या शेळ्यांमागे फिरलेलं ते घर. गेल्या हिवाळ्यात मोहिनीने त्याला विचारलं, शेळ्या किती? तो म्हणाला, "असतील पन्नासेक." माझ्यात पन्नास लिहिलं गेलं आणि पन्नास शेळ्यांना पुरणारी एक बाटली आली. वाडग्याचं, म्हणजे शेळ्या कोंडायच्या कुंपणाचं, दार उघडलं, तर शेळ्या काही संपेनात. बाटली मात्र संपली. राहिलेल्या पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून तिघं परतले, आणि सोमनाथने सवयीने धोंडीरामच्या नावापुढे हिरवी खूण लावून टाकली. ती खूण बघितल्यावर पुढची खेप कोण कशाला करेल? पावसाळ्यात रोग आला. न टोचलेल्यांतल्या सहा शेळ्या गेल्या.

धोंडीराम भांडला नाही. मोहिनीच्या दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "तुमच्या फोनात माझं समदं हिरवं हाय म्हणं. माझं वाडगं येऊन बगा." मला त्या दिवशी फार लाज वाटली. पुढे महिनाभर मला कोणी उघडलंही नाही, आणि त्यात मी त्यांना दोष देत नाही.

या हिवाळ्यात बाटल्यांची मागणी कळवायची वेळ आली, तेव्हा तिघंही धोंडीरामच्या वाडग्यावर गेले.

"काका, खरा आकडा सांगा," मोहिनी विनवू लागली. "बाटली एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागती. जास्त आणली तर फेकावी लागंल, कमी आणली तर पुना गेल्या सालासारखं व्हईल."

"न्हाई सांगत, पोरी. मोजलं की नजर लागती. माझ्या बापानं कंदी मोजल्या न्हाईत."

सोमनाथ वैतागला. "मग सांजच्याला समद्या आल्या का न्हाई, ते कसं कळतं तुमाला?"

"तोंडं वळकतो की. मोजाय कशाला पायजे?"

मनकर्णामावशी स्वतः शेळ्यांमागे लहानाची मोठी झालेली. लिहिताना ती अक्षराअक्षराला अडते. पण त्या दिवशी तिने जे केलं ते माझ्या शहाणपणाला सात जन्मांत सुचलं नसतं. ती वाडग्यापाशी खाली बसली आणि म्हणाली, "आकडा ऱ्हाऊ द्या, भाऊ. नावं सांगा. ती पांढऱ्या कपाळाची कोण म्हणायची?"

"ती चंद्री. तिची आई मोरी. मोरीच्याच पोटची ती कानतुटी..."

धोंडीराम जो सुटला तो थांबेचना. मोहिनी भराभर लिहीत होती. एका शेळीला एक ओळ आणि तिच्यापुढे तिच्या आईचं नाव. एक निघाली तलाठीण.

"तलाठीण कावून?" सोमनाथने विचारलं.

"समद्यांच्या बांधावर फिरती म्हणून."

सोमनाथ पोट धरून हसला. नावं सांगता सांगता धोंडीरामच्या हातातला चहा गार झाला, पण त्याचा चेहरा उजळत गेला. मी एकेक नाव आत घेत होतो आणि मनातल्या मनात मोजत होतो. मोहिनीने माझा बेरजेचा रकाना झाकून टाकला. घाट चढून गेल्यावर तिने तो एकदाच उघडला, तेवढ्या बाटल्या मागवल्या आणि पुन्हा झाकला.

लसीच्या दिवशी सकाळी मावशी नावाने हाक मारी, सोमनाथ शेळी धरी, मोहिनी टोचे आणि त्याच नावापुढे हिरवी खूण लावी. तिथे रेंज नसते, पण तिच्या फोनात मी जागाच असतो. शेवटची बाटली तळाला गेली तेव्हा माझ्यात सगळं हिरवं झालं होतं, एक ओळ सोडून.

"तलाठीण ऱ्हायली," मोहिनी म्हणाली.

"एकीसाठी काय थांबता? लावा खूण, मी मागून..." सोमनाथच्या तोंडून निघून गेलं. मग त्याने धोंडीरामकडे पाहिलं, वाक्य अर्ध्यावर गिळलं आणि स्वतःच शिवाराकडे पळत सुटला. अर्ध्या तासाने तो तिला खांद्यावर घालूनच आला. ती शेजाऱ्याच्या हरभऱ्याची पाहणी करत सापडली होती, आणि तोंडात अजून घाटे होते. तिला सुई लागली, तिची ओळ हिरवी झाली, आणि मला इतका आनंद झाला की तो अजून ओसरलेला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा तक्ता तुमच्याही कामात कधीतरी येईल. त्याला जपा. काम झाल्याशिवाय त्यात खूण लावू नका. आणि माणूस जे सांगायला कचरतो ते दरडावून विचारू नका. मावशीसारखं खाली बसून विचारा.

तिघं निघाले तेव्हा धोंडीराम वाडग्याच्या दाराशी घुटमळला. जन्मात कधी आकड्याच्या वाटेला न गेलेला तो माणूस हळूच म्हणाला, "किती झाल्या गं, बाई?"

मोहिनीने फोन पदराआड धरला. मावशी म्हणाली, "समद्या झाल्या, भाऊ."

धोंडीराम हसला आणि त्याने दार लावून घेतलं. आकडा अजून माझ्यापाशीच आहे, मित्रांनो. तो मी तुम्हालाही सांगणार नाही.