हत्तीचा नकार

हत्ती उठला तेव्हा मांडवातल्या चाळीस माणसांच्या तोंडून एकदमच "आऽऽ" निघालं. मांजराएवढा पितळी हत्ती, पाठीवर कडी. बायकांनी कडीत अनामिका घालायची, पुरुषांनी करंगळी. मनात इच्छा धरून उचलता उचलता म्हणायचं, काम होणार असेल तर उठ. उठला की पुन्हा म्हणायचं, खरंच होणार असेल तर आता उठू नकोस. आणि मघाशी अलगद उठलेला तोच हत्ती दुसऱ्यांदा ढिम्म हलायचा नाही!

"विज्ञान जिथे दमतं, तिथे माझा हत्ती उभा राहतो!" सिंगखाम ओरडले. वास्तविक त्यांचा हत्ती ऐन वेळी बसूनच राहायचा, पण एवढा विचार कोण करतो? पांढरे कपडे, गळ्यात ताईतांची माळ, बसायला हत्तीच्या चौथऱ्यालगतची गादी. भिक्खू नसूनही सगळे त्यांना आचान, म्हणजे गुरुजी म्हणत. हत्तीनं ज्या आजाऱ्याला नकार दिला, त्याला आचानचं मंतरलेलं पाणी विकत घ्यावं लागे.

पिवळी छत्री उंच धरून सुपिन पर्यटकांना रांगेत लावत होती. चिआंग माई शहरातली पाच देवळं आणि फुलबाजार एका दिवसात दाखवणं हे तिचं काम. हत्तीजवळ तिचा आवाज जरा जास्तच चढायचा. आज मात्र चढत नव्हता, कारण रांगेत तिची आई खाम्पेंग होती.

आईला काचबिंदू. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, हत्तीनं नाही म्हटलं, आणि आचानच्या पाण्यानं धुता धुता डावा डोळा कायमचा गेला. आज अकराला उजव्याची शस्त्रक्रिया होती. आई हटून बसली होती, हत्तीला विचारल्याशिवाय यायची नाही.

आईनं गुडघे टेकून कडीत अनामिका घातली. "हत्तीबाबा, डोळ्याला सुरी लावून घ्यावी तर उठ."

हत्ती हलला नाही.

"बघ! याही वेळी नकोच म्हणतो."

"आई, एक डोळा गेला ना गं! अजून काय बघायचंय?"

"आणि त्या लांफूनच्या बाईला दोन्ही डोळ्यांनी दिसायला लागलं ते? सुरी न लावता? तूच तर रोज सांगतेस."

सुपिनचं तोंड उतरलं. लांफूनला अशी बाई नव्हतीच. चार वर्षांपूर्वी पर्यटक जांभया द्यायला लागले, तेव्हा सुपिननं ती तिथल्या तिथे जन्माला घातली. लोक खूश झाले, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितली. मग घरी जेवतानाही सांगितली.

नमस्काराला वाकताना आईच्या अंबाड्यातली पिन चौथऱ्यावर पडली. पडली ती आडवी नाही, हत्तीच्या पायाशी टोकावर ताठ उभी राहिली.

"अगंबाई, ही उभी कशी?" रांगेतल्या वानदीबाई पुढे आल्या. नान गावच्या शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या. त्यांनी बोट पुढे केलं, तोच सिंगखामनी गादीवर मांडी बदलली आणि पिन आडवी झाली.

"आचान, पाय परत होता तिथे ठेवा बरं."

"देवाच्या कामात बाईमाणसानं..."

"पायाबद्दल बोलतेय मी, देवाबद्दल नाही!" बाईंनी गादीचं टोकच उचललं. खाली बटण, बटणातून तार, तार चौथऱ्याच्या पोटात. बाईंनी बटण दाबलं, पिन ताडकन उभी. सोडलं, पिन आडवी.

"मुलांनो," सवयीनं त्या मोठ्यांनाच म्हणाल्या, "हत्ती पितळेचा, पण तळाला लोखंडाची पट्टी असणार. चौथऱ्यात विजेचा चुंबक. वीज चालू असली की हत्ती धरला जातो, बंद केली की सुटतो. कुणाला हो आणि कुणाला नाही, हे यांच्या टाचेनं ठरतं."

लोक खवळले. सिंगखाम मात्र सुपिनकडे वळले. "मी एकटाच का चोर? गर्दी कोण आणतं? विचारा की हिला!"

सुपिनला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आई तिच्याकडे एका डोळ्यानं बघत होती. "हत्ती खोटा, कळलं. पण ती बाई तर बरी झाली ना?"

"अशी बाई नाहीच, आई," सुपिन सगळ्यांसमोर म्हणाली. "मी रचली. लोकांनी माझं ऐकत राहावं म्हणून."

सुपिननं पुढे केलेला हात आईनं धरला नाही. चाचपडत एकटीच उठली आणि रिक्षाकडे निघाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले. "उजवा वाचेल. पण आजी, डाव्याच्या वेळी का नाही आलात?"

"घरी पाहुणे होते," आई पटकन म्हणाली. "माझाच आळस."

म्हातारी मुलीची अब्रू झाकत होती. मांडवात वाटली नव्हती एवढी लाज सुपिनला इथे वाटली.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. "आई माझ्यामुळे थांबली. हत्तीचे चमत्कार मी सांगत होते, आणि एकही कधी तपासून पाहिला नव्हता."

बाकावरचे पेशंट वळून बघायला लागले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "मग आता तपासायला शिका. भीती सगळ्यांनाच वाटते. वाटली की इथे या, दहा प्रश्न विचारा, शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरलाही विचारा. जो प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या हातात आपला डोळा देऊ नका."

परिचारिकेनं खाम्पेंगला आत न्यायला चाकाची खुर्ची आणली. दाराशी म्हातारीनं ती थांबवली आणि मान वळवली, पण सुपिन तिच्या डाव्या बाजूला उभी होती. "सुपिन, आहेस ना गं?" तिनं विचारलं. "या बाजूनं मला दिसत नाही."