एकूण शून्य

आम्हाला फिजिक्स शिकवणारे इंजिनिअर विलागोमेस परीक्षेच्या वर्गात फिरतात तेही मका खात. डुकराच्या चरबीत परतलेला, खारट. त्याच तेलकट बोटांनी ते आमच्या उत्तरपत्रिका उलटतात आणि पानांवर डाग पाडतात. पण बोलायची सोय नाही. दोनदा नापास होऊन फिजिक्सची ही माझी तिसरी नोंदणी. चौथी कुणाला देत नाहीत. या खेपेला नापास झाले की इंजिनिअरिंग संपलं. रिओबाम्बा शहर सोडायचं आणि गावी मावशीच्या दुकानात बसायचं.

शेवटचा प्रश्न होता: बंद खोक्याच्या बाहेर विद्युतप्रभार ठेवला आहे, तर खोक्यातून जाणारा एकूण फ्लक्स किती? मी सूत्र आठवत बसले नाही, चित्र काढलं. फ्लक्स म्हणजे शेवटी आत-बाहेर जाणाऱ्या क्षेत्ररेषांचा हिशेब. प्रभारापासून निघालेली रेषा खोक्यात एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते. आत गेलं तेवढं बाहेर. लिहिलं: शून्य. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच या विषयातलं काहीतरी मला खरोखर कळलं होतं.

तेवढ्यात मानेमागून मक्याचा वास आला.

"शून्य?" इंजिनिअर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले. "अगं यादिरा, शून्यच यायचं असतं तर मी प्रश्न कशाला घातला असता? शून्य लिहिणाऱ्याला मी काय देतो, ठाऊक आहे ना?"

पोरं खिदळली, आणि लगेच आजूबाजूला खोडरबरं चालू लागली. माझंही चाललं. सूत्रात आकडे कोंबून मी भलंमोठं उत्तर लिहिलं.

त्या एका प्रश्नाने मी बुडाले. अख्ख्या वर्गात बरोबर उत्तर एकट्या लिसान्द्रोचं निघालं, शून्य. सर्दीने त्याचे कान बंद होते, त्यामुळे बिचाऱ्याला काही ऐकूच गेलं नव्हतं.

मी पेपर घेऊन इंजिनिअरांच्या खोलीत गेले. खोडलेलं शून्य अजून दिसत होतं.

"इंजिनिअर, तुम्हीच म्हणालात म्हणून मी..."

"गंमत केली गं! ज्याला येतं तो गमतीला घाबरतो होय?" त्यांनी मक्याची पुडी पुढे केली. "घे, खा. अशी तोंड पाडून उभी राहू नकोस."

मी घेतला. इंजिनिअरांनी दिलेलं नाकारायचं नाही, ही आमची सवयच. मूठभर तोंडात टाकला, चावला. चरबी टाळूला चिकटली आणि इतकी किळस आली की मी सगळा घास त्यांच्या टेबलावरच्या उत्तरपत्रिकांवर थुंकून टाकला.

"ए! डोकं फिरलंय का तुझं?"

"आत गेलं तेवढं बाहेर आलं, इंजिनिअर," मी तोंड पुसत म्हटलं. "एकूण शून्य."