माझा काटा वर चढला तेव्हा

मित्रांनो, मी जन्माचाच काळजीखोर. मी एक जुना कलरीमीटर आहे. रक्तातलं पिवळं पाणी औषधात मिसळलं की त्याला रंग येतो. तो किती गडद, हे माझा काटा दाखवतो. १९८४ साली मी अंधेरीच्या एका छोट्या लॅबमध्ये आलो. वसुधाताई मला मऊ फडक्यानं पुसत आणि म्हणत, "हा कधी खोटं बोलत नाही हं!" मी फुशारून जाई.

दोन वर्षांनी जयवंत आले. गिरणीतली नोकरी गेल्यावर मरोळच्या एका कारखान्याच्या फाटकावर ते पहारेकरी म्हणून दिवसभर स्टुलावर बसत. पोट सुटलेलं, अंगात सदा थकवा. लिव्हरची तपासणी केली. एसजीपीटी हे लिव्हरचं माप चाळिसाच्या आत हवं, ते निघालं अडुसष्ट.

"दारू घेता का?" वसुधाताईंनी विचारलं.

जयवंतांनी गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. त्यांची बायको सुगंधा मात्र पांढरीफटक पडली. तिचा भाऊ काविळीनं गेला होता.

दीड महिन्यानं पुन्हा रक्त आलं. आकडा शंभराच्या पुढे! मी बिघडलो, की हा भला माणूस हातचा चालला? वसुधाताईंनी तीनदा तपासलं. आकडा तोच.

सोनोग्राफीचा कागद बघून लॅबच्या डॉक्टरांनी सुगंधाला विचारलं, "घरी खायला काय देता?"

"रोज दोन ग्लास उसाचो रस, वर ग्लुकोज," सुगंधा म्हणाली. "खाटीवरसून उठाक देत नाय."

"अहो, यांना कावीळ नाहीच! बिलिरुबिन ठीक आहे. लिव्हरमध्ये चरबी साठलीय. दारू न पिणाऱ्यालाही होते ही. गोड बंद करा आणि यांना चालवा."

सुगंधानं डोळ्याला पदर लावला. "म्हंजे माझ्याच हातान..."

"रडतंस कित्याक?" जयवंत म्हणाले. "घराक चल, बिनसाखरेची चाय करून दी."

ते रोज मरोळपर्यंत चालत जाऊ लागले. चार महिन्यांनी आकडा बेचाळिसावर आला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता नवी यंत्रं आली. मी फडताळात धूळ खात पडलोय. त्याचं दुःख आहेच, पण काळजी दुसरीच आहे: आकडा बघून कुणी माणसाला काही विचारतं का? मित्रांनो, माझा काटा फक्त किती ते सांगतो. का, ते माणसालाच विचारावं लागतं. पहिल्याच दिवशी आम्ही जयवंतांना "दारू घेता का?" विचारलं. "आता घरी काय खायला देणार?" हे सुगंधाला विचारलं असतं, तर तिनं तो दीड महिना स्वतःच्या हातानं उसाचा रस ओतला नसता.